कासवाला पाजलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे, म्हणजे पाणी गार ठेवणारी पिशवी. जाड कापडाची, गळ्यात दोरी, तोंडाला बूच. माझी गोष्ट जन्मापासून सांगायला हवी हे मला ठाऊक आहे. पण मी ती एका गुरुवारपासून सुरू करणार आहे, कारण त्या गुरुवारी विशेष असं काहीच घडलं नव्हतं.

फेब्रुवारी चालू होता. अमेरिकेतल्या बेकर्सफील्डमध्ये त्या महिन्यात धुकं इतकं उतरतं की अंगणातलं लिंबाचं झाड दुपारपर्यंत दिसत नाही. गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. बेटिरी इरिबार्ने उपड्या बादलीवर बसला होता आणि मी त्याच्या मांडीवर होते. त्याचं वय पंचाहत्तर, माझं पन्नास. माझ्या खालच्या कोपऱ्यात उंदराने भोक पाडलं होतं आणि तो त्यावर ठिगळ लावत होता.

त्याची मुलगी ओदेत शाळा सुटल्यावर आपली दोन मुलं घ्यायला आली होती. मुलं स्वयंपाकघरात आजीपाशी होती. ओदेत कोट न काढताच गॅरेजमध्ये आली.

"आइता, आता गाडीत बर्फाची पेटी असते. हिला कोण वापरणार?" ती म्हणाली. त्यांच्या बास्क घरात वडिलांना आइता म्हणत आणि आईला आमा.

"टेस आणि ह्यूगो वापरतील. एप्रिलच्या सुट्टीत त्यांना वाळवंटात नेणार आहे. पाणी म्हणजे काय ते कळू दे जरा. हा दोरा ओव. मला सुईचं नेढंच दिसत नाही."

ओदेतने दोरा ओवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ग्राशीची हाक आली. ग्राशी म्हणजे बेटिरीची बायको. तिचा आवाज भिंतीतूनही ऐकू येतो.

"दोर्तोका! सूप निवतंय! का तेही कासवाला पाजू?"

मुलं खिदळली. बेटिरीही हसला. दोर्तोका म्हणजे बास्क भाषेत कासव, आणि हे त्याचं घरातलं, गल्लीतलं आणि चर्चच्या अंगणातलं नाव होतं. सदतीस वर्षं तो त्या नावाला ओ देत आला होता.

ओदेत हसली नाही. तिने सुई त्याच्या हातात दिली, पण बोटं लगेच सोडली नाहीत.

"आइता."

"हं?"

"काही नाही. दोऱ्याला मेण लावू?"

"लाव."

त्याने सात टाके घातले, सुई माझ्या अंगातच टोचून ठेवली आणि म्हणाला, "उरलेलं उद्या." मग तो सूप प्यायला आत गेला. शुक्रवारी सकाळी ग्राशी त्याला उठवायला गेली तेव्हा तो उठला नाही. झोपेतच कधीतरी त्याचं हृदय थांबलं होतं.

मित्रांनो, ओदेत त्या दिवशी काय बोलणार होती ते मला माहीत होतं. ते वाक्य माझ्याएवढंच जुनं नसलं, तरी बरंच जुनं होतं. ते कुठून आलं हे कळायला आता मला मागे जावं लागेल.

माझा जन्म गिरणीत झाला. अळशीच्या धाग्याचं घट्ट विणलेलं कापड दुमडून मला शिवलं आणि पोटावर निळ्या अक्षरांत छापलं, ‘वापरण्याआधी रात्रभर भिजवा.’ ही सूचना गमतीची नव्हती. कोरड्या कापडाचे धागे सुटे असतात, त्यात पाणी ठरत नाही. भिजले की फुगतात आणि एकमेकांना धरून बसतात. मग माझ्या अंगाला नुसता घाम सुटतो, वारा तो घाम सुकवतो आणि आतलं पाणी गार होतं. तुमच्या घरचा माठ हेच करतो, फक्त त्याला प्रवास झेपत नाही.

बेटिरी त्या वर्षी नुकताच समुद्रापलीकडच्या, बास्क लोकांच्या डोंगरातल्या आपल्या गावाहून अमेरिकेत आला होता. पंचवीस वर्षांचा, इंग्रजीचा एक शब्द न येणारा. मोहावी वाळवंटाच्या कडेला पंधराशे मेंढ्या, एक कुत्रा, एक गाढव आणि मी, असा त्याचा संसार होता. मी गाढवाच्या खोगिराला लटकत असे. बोलायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून तो आमच्याशी बोले. वसंतात वाळूवर पिवळी फुलं येत आणि मेंढ्या ती खात पसरत. संध्याकाळी एखादं कोकरू कमी भरलं की तो मैलभर मागे चालत जाई, त्याला काखेत मारून आणी आणि कुत्र्याला समजावी, "हरवलेलं पिल्लू दिसलं की आधी उचलायचं. कोणाचं आहे ते मग विचारायचं."

हे वाक्य लक्षात असू द्या. पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

पुढे ग्राशी आली. बेकर्सफील्डच्या एका खानावळीत ती पंगतीला सूप आणि वाल वाढत असे. तिने त्याला स्पष्ट विचारलं, "मेंढ्या की मी?" बेटिरीने दोन दिवस विचार केला, याबद्दल तिने त्याला जन्मभर ऐकवलं. मेंढ्या सुटल्या. तो एका भट्टीवर पाव भाजायला शिकला आणि काही वर्षांनी त्याने स्वतःची भट्टी टाकली. मेंढपाळ जमिनीत खड्डा करून भाजत तसा मोठा घुमटदार पाव तो लोखंडी भांड्यात भाजी. रेमी झाला, तीन वर्षांनी ओदेत झाली, आणि मग एक लांबलचक हिरवी गाडी आली, तिच्या मागच्या भागात दोन मुलं आडवी झोपू शकत.

ती माझी भरभराटीची वर्षं. जूनमध्ये शाळा सुटली की भट्टी चार दिवस बंद आणि आम्ही वाळवंटात. आदल्या रात्री मला टबात भिजवायचं हे ओदेतचं काम होतं. सकाळी बेटिरी मला गाडीच्या नाकावर, रेडिएटरच्या जाळीपुढे बांधी. सगळ्यांच्या पुढे मी! मोहावीचा उष्ण वारा माझ्यावर आदळे, आणि दोन तासांनी गाडी थांबली की चौघंही आधी माझ्याकडे धाव घेत. पाण्याला कापडाचा आणि दोरीचा वास येई. रेमी म्हणे, "मोज्यातून गाळल्यासारखं लागतं." आणि तोच सगळ्यात जास्त पिई.

त्या गाडीत एक विचित्र नियम होता. चढ आला आणि इंजिन तापू लागलं की बेटिरी ओरडे, "हीटर!" बाहेर वाळूवर पाय ठेववत नसे, आणि आत हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता गाडीत ओढून घ्यायची म्हणजे इंजिन वाचतं. मुलं किंचाळत, ग्राशी पाय खिडकीबाहेर काढी आणि म्हणे, "पाव भाजून पोट भरलं नाही याचं, आता आम्हाला भाजतोय."

तर १९६१ सालचा जून. ओदेत सहा वर्षांची, रेमी नऊ वर्षांचा. आम्ही जोशुआ ट्रीच्या रानात होतो. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे, तेव्हा पाटीवर तेवढं मोठं नाव नव्हतं. सकाळचे नऊ वाजले असतील. पिंटो खोऱ्यातला रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, बाकी काही नाही. रेमीला घाई झाली म्हणून गाडी थांबली. ग्राशी त्याला घेऊन लांबच्या खडकांमागे गेली. बेटिरी टपावरच्या सामानाची दोरी आवळत होता.

ओदेतला रस्त्याच्या मधोमध एक कासव दिसलं. ताटाएवढं, धुळीच्या रंगाचं, एकेक पाय विचार करून टाकणारं. आणि मित्रांनो, मेंढपाळाच्या मुलीने मेंढपाळाच्या मुलीसारखंच केलं. धावत गेली, त्याला उचललं, कोकरासारखं काखेत मारलं.

कासव घाबरलं. त्याच्या पोटातलं सगळं पाणी ओदेतच्या फ्रॉकवर सांडलं, पुढून, घोट्यापर्यंत.

"आइता, यानं शू केली!" ती हसत ओरडली.

बेटिरी वळला. तेवढ्यात मागून वनखात्याची गाडी येऊन थांबली आणि चपट्या काठाची टोपी घातलेला एक उंच रेंजर उतरला. त्याला आधी भिजलेला रस्ता दिसला आणि मग कासव. ते आता बेटिरीच्या हातात होतं. ते त्याने कधी घेतलं हे मलाही कळलं नाही.

"कोणी उचललं हे?" रेंजरने विचारलं. आवाज चढा नव्हता, पण ओदेतचं हसू थांबलं.

"मी," बेटिरी म्हणाला. "मेंढपाळ होतो, साहेब. रस्त्यात जनावर दिसलं की हात आपोआप जातो."

"आणि पोरीचा फ्रॉक?"

"तिला दाखवायला जवळ नेलं. माझंच चुकलं."

रेंजरने टोपी काढून कपाळ पुसलं. "तुम्हाला ती शू वाटली असेल. ते त्याचं वर्षाचं पाणी होतं. पावसात पितं आणि पोटात साठवतं. आता पाऊस कधी पडणार? ऑगस्टमध्ये पडला तर पडला. तोवर हे काय पिणार? घाबरवून उचललं की सगळं टाकून देतं, आणि मग पुष्कळदा मरतं. समजलं?"

"समजलं, साहेब."

ओदेत गाडीच्या नाकाशी, माझ्याजवळ उभी होती. तिने माझी दोरी धरली होती. 

"काही करता येईल?" बेटिरीने विचारलं.

"सावलीत उथळ पाण्यात ठेवा. प्यालं तर प्यालं. माझ्या गाडीत थोडं पाणी आहे."

"नको. चूक माझी, पाणी माझं."

"पुढे जायला पुरेल ना तुम्हाला? वर चढ आहे."

"भरपूर आहे."

पाच मिनिटांतलं हे त्याचं दुसरं खोटं. रेंजरची कोणीतरी दुसरीकडे वाट पाहत होतं. त्याने जागा नीट दाखवली आणि तो गेला. बेटिरीने ग्राशीचं भाजायचं पसरट पातेलं काढलं, झुडपाच्या सावलीत मांडलं आणि मला उपडं केलं. पूर्ण. शेवटच्या थेंबापर्यंत. कासव बराच वेळ तसंच बसलं. मग त्याने मान लांब केली, तोंड पाण्यात बुडवलं आणि घसा हलू लागला.

ग्राशी आणि रेमी परतले तेव्हा हे चित्र होतं. पातेल्यात कासव, पाण्यात पातेलं म्हणावं इतकी सांडासांड, आणि सपाट झालेली मी.

"हे काय?"

"मी कासव उचललं," बेटिरी म्हणाला. "उचलायला नको होतं."

"आणि आपलं पाणी?"

"ते पितंय."

ग्राशीने कंबरेवर हात ठेवले. "माझ्या पातेल्यात?"

एवढ्यावर भागलं असतं तर ती नुसती गंमत झाली असती. पण चढावर हीटर लावूनही इंजिन उकळलं. माथ्याच्या मैलभर अलीकडे गाडी वाफ सोडत थांबली. साडेअकरा वाजले होते. एकही गाडी आली नाही. चौघं गाडीच्या पट्टीएवढ्या सावलीत बसले. चार संत्री होती, ती संपली. मग रेमीला उलटी झाली, दुसऱ्यांदा झाली, आणि त्याचे ओठ पांढरे पडले. ग्राशीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती एकदम गप्प झाली. तिची बडबड थांबलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "याला काही झालं ना, तर मी तुला माफ करणार नाही. एका जनावराला हात लावल्याशिवाय राहवलं नाही तुला."

बेटिरीने तळहात पसरून रेमीच्या तोंडावर सावली धरली. ओदेत त्या दोघांच्या मध्ये बसली होती. फ्रॉक वाळून कडक झाला होता.

शेवटी बेटिरी उठला. मागच्या बाजूला चामड्याची वाइनची पिशवी होती. ती घरातून निघताना विसरली असं त्यांच्यात कधी होत नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग रेडिएटरकडे पाहिलं.

"नाही हं," ग्राशी म्हणाली. "माझ्या वडिलांनी दिलेली वाइन आहे ती. चांगली आहे ती."

इंजिन पुरतं निवल्यावर त्याने ती सगळी लाल वाइन रेडिएटरमध्ये ओतली. माझ्या अंगावर शिंतोडे उडाले, त्यांचे डाग अजून आहेत. गाडी सुरू झाली, माथा ओलांडून उतरली आणि तासाभरात आम्ही ट्वेंटीनाइन पाम्स गावाच्या पहिल्या पेट्रोल पंपावर होतो. रेमीने नळाला तोंड लावलं. संध्याकाळपर्यंत तो बरा होऊन भांडत होता.

रविवारी खानावळीच्या लांब टेबलावर ग्राशीने ही हकीकत सगळ्यांना सांगितली. "कासवाला पाणी, गाडीला वाइन आणि बायकोला ऊन!" लोक टेबलावर हात आपटून हसले. कोणीतरी ओरडलं, "दोर्तोका, पाव सरकव!" आणि नाव चिकटलं. गिऱ्हाइकं भट्टीवर येऊन म्हणू लागली, "दोर्तोका, दोन मोठे दे." दुसऱ्या वर्षी त्याने पावावर कासवाच्या पाठीसारख्या रेघा पाडल्या आणि तेच पाव आधी संपू लागले. नाव त्याने असं अंगाला लावून घेतलं की ते दुसऱ्या कोणाचं असेल असं कोणाच्या मनातही आलं नसतं.

फक्त ओदेत गॅरेजमध्ये येई. खिळ्यावर मी लटकलेली असे. माझ्या पोटाला कपाळ लावून ती म्हणे, "मी उचललं होतं. आमाला सांगू? ती मला घराबाहेर काढेल." सहा वर्षांच्या मुलीला असंच वाटतं. पुढच्या वर्षी पाद्रीबाबांसमोर तिने ते कबूल केलं. ते म्हणाले, "बाळ, आईला सांग." त्याऐवजी तिने दहा प्रार्थना जास्त म्हटल्या.

जून संपायच्या आत बेटिरी एका रविवारी मला घेऊन एकटाच तिकडे गेला होता. जाऊन-येऊन दहा-बारा तासांचा रस्ता. त्याने ती जागा शोधली. झुडपाखाली बीळ होतं, पण रिकामं. भर उन्हात तो तीन तास फिरला, वाकून वाकून प्रत्येक झुडपाखाली पाहत. कासव दिसलं नाही. जिवंतही नाही आणि मेलेलंही नाही. घरी आल्यावर त्याने ओदेतला गॅरेजमध्ये बोलावलं.

"भेटलं मला. पिवळं फूल खात होतं. तुझी चौकशी केली."

"खरं?"

"तुझ्या फ्रॉकबद्दल वाईट वाटलं म्हणालं."

ती पोट धरून हसली. मी खिळ्यावर होते. मी काय बोलणार?

नंतरची वर्षं बऱ्याच जुन्या वस्तूंची जातात तशीच गेली. बर्फाची पेटी आली. मग गार हवेची गाडी आली, हीटरचा नियम गेला. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. माझं कापड वाळलं, आकसलं. माझ्या पोटावर रंगाचे डबे टेकवून ठेवू लागले. ओदेत मोठी झाली, शिक्षिका झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी ती गॅरेजमध्ये आली होती. बेटिरी तिथे बूट पुसत होता. ती दारात उभी राहिली. "काय गं?" तो म्हणाला. "बूट छान दिसतायत," ती म्हणाली. आधी तिला आईची भीती वाटत होती. मग लाज वाटू लागली की इतके दिवस का बोललो नाही, आणि दर वर्षी त्या लाजेत एक वर्ष वाढत गेलं. कधीतरी सांगू, असं तिला वाटत असावं. बेटिरी कायम तिथे असल्यासारखाच होता.

अंत्यविधीनंतर दोन आठवड्यांनी ती गॅरेजमध्ये आली, त्याच बादलीवर बसली आणि उरलेले टाके घातले. तिचे टाके मोठे आणि वाकडे होते. मग तिने मला टबात बुडवलं. मी रात्रभर प्यायले. सकाळी मला उचललं तेव्हा ठिगळातून एक थेंबही आला नाही.

एप्रिलची सुट्टी लागली. "जायचंच," ओदेत म्हणाली. रेमीने आपली मोठी गाडी काढली. त्याच्या शेजारी ग्राशी, मागे ओदेत, आठ वर्षांची टेस आणि पाच वर्षांचा ह्यूगो. नव्या गाडीच्या नाकावर दोरी अडकवायला जागा नव्हती, म्हणून मला बाजूच्या आरशाला बांधलं.

"लोक काय म्हणतील, गाडीला गलगंड झालाय?" ग्राशी म्हणाली. पण तिने दोरीची गाठ स्वतः तपासली.

त्या वर्षी पाऊस उदार होता. पिंटो खोऱ्यात पिवळ्या फुलांचा सडा होता. एका वळणावर गाड्या लावायची जागा होती आणि तिथे एक तरुण रेंजर बाई मुलांना कागदावरचे प्रश्न विचारून बिल्ले देत होती. टेस आणि ह्यूगो रांगेत लागले. मी आरशाला लटकत होते. खिडकी उघडी होती. ग्राशी दार उघडून पाय बाहेर सोडून बसली होती, रेमी बॉनेटला टेकला होता, ओदेत माझ्या शेजारी उभी होती.

"आता शेवटचा प्रश्न," रेंजर बाई म्हणाली. "रस्त्यात कासव दिसलं तर काय करायचं?"

"हात लावायचा नाही!" टेस ओरडली. "आमच्या आजोबांनी लावला होता!"

"असं?"

मग रेमीला राहवलं नाही. त्याने सगळी हकीकत सांगितली. पातेलं, हीटर, स्वतःच्या उलट्या, वाइन. बेटिरी ती जशी सांगे, तसाच उच्चार तो हुबेहूब करतो. "मेंढपाळ होतो, साहेब!" रांगेतली माणसंही हसू लागली. आणि ग्राशी हसली. फेब्रुवारीपासून तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. तिने रुमाल तोंडावर दाबला, खांदे हलत होते. "माझ्या पातेल्यात!" ती म्हणाली. "त्याच पातेल्यात मी नाताळचं कोकरू भाजत होते, त्या माणसाला विचार तरी शिवला का!"

रेंजर बाईही हसली. मग मुलांकडे वळून समजुतीच्या आवाजात म्हणाली, "तेव्हा बऱ्याच जणांना ठाऊक नसायचं. अजाणता करायचे."

टेसने बिल्ला हातात घेतला आणि मान वर करून आईला विचारलं, "आइताची जरा बावळट होते का गं?"

त्यांच्यात आजोबांना आइताची म्हणतात. ती मुद्दाम वाईट बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मित्रांनो, इथे मी तुमच्यापाशी एक मागणं मागते. रानात कासव दिसलं तर लांबून पाहा, ते आपलं पाणी घेऊन चाललेलं असतं. घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला टाकू नका, भिजवा, टाके घाला, ती अजून कामाला येईल. पण तिच्याशी बोलून मन हलकं करू नका. आम्ही सगळं ऐकतो आणि कोणालाही पोचवत नाही. जे सांगायचं ते त्या माणसालाच सांगा, तो सूप प्यायला समोर बसलेला आहे तोवर.

ओदेतने माझी दोरी धरली होती. तिने आईकडे पाहिलं. ग्राशी अजून हसत होती, डोळे पुसत होती. तिचं ते हसू थांबवायचं की नाही हे ओदेतला ठरवायचं होतं, आणि ती बराच वेळ घेत होती. रेमीने विचारलं, "काय झालं?"

"नाही, टेस," ती म्हणाली. "बावळट नव्हते."

मग ती ग्राशीकडे वळली.

"आमा, ते कासव मी उचललं होतं."

ग्राशीचा रुमाल तोंडाशीच राहिला.

"तू रेमीला घेऊन खडकामागे गेली होतीस. मी पळत जाऊन उचललं. माझ्या अंगावर पाणी सांडलं ते म्हणून. तो माणूस रागावला तशी मी घाबरले, आणि आइतांनी ते माझ्याकडून घेतलं आणि म्हणाले, मी. रेमीचे ओठ पांढरे पडले तेव्हा तू त्यांना बोललीस, ते सगळं माझं होतं. तुम्ही हसलात ते माझ्यावर हसायला हवं होतं. मला सहा वर्षांची असताना भीती वाटली हे ठीक आहे. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, आमा."

 ह्यूगोने हळूच आईचा कोट धरला. ग्राशीने रुमाल खाली घेतला आणि शेजारच्या आसनावर हात टेकून थोडी जागा केली, पण ओदेत बसली नाही. ती रस्त्याकडे पाहत होती. तिथे फुलं होती आणि ऊन होतं. तिने पुढचं तिथल्या कोणालाही उद्देशून म्हटलं नाही. पण मोठ्याने, स्पष्ट म्हटलं, जसं समोर उभ्या असलेल्या माणसाला म्हणतात तसं.

"आइता, पुष्कळ झालं. द्या ते कासव माझ्याकडे. माझं आहे ते."